कुंडीतलं लिंबू पिवळं पडतंय? खताचं पाकीट उघडण्याआधी हे बघा

मागच्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या काकूंनी मला गच्चीवर बोलावलं. दोन वर्षांचं कागदी लिंबाचं झाड, अठरा इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत लावलेलं. शेंड्याची पानं पिवळी, मधल्या पानांच्या कडा करपलेल्या, आणि उन्हाकडच्या बाजूची काही पानं द्रोणासारखी वर वळलेली. "अगं, पंधरा दिवसांत दोनदा खत दिलं, तरी पिवळं पडून राहिलं. आता अजून काय टाकू?" दुपारचे साडेतीन वाजले होते. मी कुंडीच्या पश्चिमेकडच्या बाजूला तळवा टेकवला आणि लगेच मागे घेतला, इतका चटका बसला. त्या प्लास्टिकच्या आत, दोन बोटांवर, झाडाची पांढरी मुळं होती.

त्या एका झाडावर तीन वेगवेगळी दुखणी होती, आणि काकू तिन्हींवर एकच औषध करत होत्या. नागपूरच्या उन्हाळ्यात हे फार घरांत होतं. पान पिवळं दिसलं की आपल्याला वाटतं, झाड उपाशी आहे. खरं तर एप्रिल-मे महिन्यात कुंडीतलं झाड उपाशी असण्यापेक्षा भाजलेलं असण्याची, किंवा खत समोर असूनही ते उचलता न येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. अशा झाडाला खत घातलं तर ते मरू शकतं. म्हणून आधी निदान, मग उपाय. खाली जे सांगतेय ते लिंबू, संत्रा, मोसंबी यांना पूर्ण लागू आहे, आणि मिरची-टोमॅटोलाही बरंचसं.

पहिली पायरी: झाड दोन वेळा बघा

दुपारी तीनला बघा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन यायच्या आत, पुन्हा बघा. नवीन माणसाने एवढं केलं तरी निम्मं निदान होतं.

दुपारी माना टाकलेलं झाड सकाळी ताठ उभं असेल, तर तो उन्हाचा ताण आहे. पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळं वर ओढू शकत नाहीत, म्हणून झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं आणि पानं वळवून उन्हाला कमी अंग दाखवतं. हा त्याचा बचाव आहे. पण छिद्रं मिटली की पानाला घाम येणंही थांबतं आणि ते आणखी तापतं. लिंबूवर्गीय झाडांची वाढ ३५ अंशांच्या पुढे मंदावते, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, झाडाकडून नवी पालवी मागूच नये.

सकाळीसुद्धा झाड मलूल असेल, तर मुख्यतः दोन शक्यता उरतात. एक, माती खोलवर कोरडी आहे. दोन, माती सतत ओली राहून मुळं कुजली आहेत. दोन्हींत झाड सारखंच दिसतं आणि लोक इथेच चुकतात, कारण मलूल झाड दिसलं की हात आपोआप पाण्याच्या मगकडे जातो.

दुसरी पायरी: बोट मातीत

वरची माती बघून काही कळत नाही. आपल्या उन्हात ती तासाभरात पांढरी पडते. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. मोठी कुंडी असेल तर बांबूची काडी किंवा जुनी विणायची सुई वीतभर खोल खुपसा, मिनिटभर ठेवा आणि काढून बघा. कोरडी निघाली तर पाणी हवं. ओली माती चिकटून आली आणि झाड तरी मलूल असेल तर पाणी थांबवा. काडीला नाल्यासारखा वास आला तर मुळं कुजायला लागली आहेत, आणि तळाचं भोक बुजलंय का ते आधी बघा. बऱ्याचदा कुंडी थेट स्लॅबवर ठेवलेली असते, भोक स्लॅबला चिकटतं आणि पाणी निघतच नाही.

एक फसवी गोष्ट. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा माती एकदा पूर्ण वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. मग तुम्ही बादलीभर पाणी ओता, ते त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. तुम्हाला वाटतं, पाणी भरपूर दिलं, पण मधला गोळा कोरडाच असतो. अशा वेळी थोडं थोडं पाणी, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन-चारदा द्यायचं, किंवा कुंडी लहान असेल तर ती टबात अर्धा तास बुडवून ठेवायची.

तिसरी पायरी: जुनं पान की नवं पान?

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

झाडातली काही अन्नद्रव्यं एका पानातून दुसऱ्या पानात हलू शकतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही त्यातली. यांचा तुटवडा झाला की झाड जुन्या पानातून ती काढून कोवळ्या शेंड्याला देतं. म्हणून यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. लोह, जस्त, मँगनीज, कॅल्शियम, बोरॉन ही मात्र एकदा पानात बसली की तिथून फारशी हलत नाहीत. नव्या पानाला ती जमिनीतूनच मिळावी लागतात. म्हणून यांची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते.

आता एक जुनं पान आणि एक नवं पान तोडून, उजेडाकडे धरून बघा.

जुनं पान शिरांसकट सगळंच फिकट पिवळं झालं असेल आणि अशी पानं खालून वर वाढत असतील, तर नत्र कमी आहे. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा उलटा त्रिकोण उरलाय आणि बाकीचं पान पिवळं पडलंय, तर मॅग्नेशियम. लिंबू-संत्र्यात ही खूण इतकी स्पष्ट असते की एकदा पाहिली की विसरत नाही. जुन्या पानाची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळत असतील तर पालाश कमी असू शकतो, पण कडा करपण्याची दुसरी कारणं आपल्या गावात जास्त आहेत; ती पुढे येतीलच. स्फुरदाची कमतरता कुंडीत क्वचितच पाहायला मिळते, शेणखत घातलेल्या मातीत तर नाहीच म्हणा.

नव्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी आणि मधला भाग पिवळा, फारच झालं तर जवळपास पांढरा, म्हणजे लोह. नवी पानं लहान, अरुंद, टोकदार, एकाच जागी दाटीने आलेली आणि पिवळ्या छटांची, म्हणजे जस्त. शिरांच्या दोन्ही बाजूंना जरा रुंद हिरवे पट्टे आहेत आणि पानाचा आकार नेहमीचाच आहे, तर मँगनीज. कोवळा शेंडाच वेडावाकडा होऊन मरतोय, तर कॅल्शियमचा विचार करा. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तोही कॅल्शियमचाच प्रकार, मात्र बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं. आपण एक दिवस पाणी देतो, दोन दिवस विसरतो, म्हणून ते फळापर्यंत पोचत नाही.

उन्हाने भाजलेलं पान जुनं-नवं असा भेद करत नाही. ते दिशा बघतं. पश्चिमेकडचं, उन्हासमोरचं पान भाजतं आणि त्याच्याच सावलीतलं पान ठणठणीत राहतं. डाग पांढुरका किंवा फिकट तपकिरी, कागदासारखा कोरडा, आणि शिरांशी त्याचा काही संबंध नसतो. झाडाच्या चारी बाजूंनी फिरून बघितलं की हा फरक लगेच कळतो. काकूंच्या झाडाची वळलेली पानं फक्त पश्चिमेला होती, आणि शेंड्याची हिरव्या शिरांची पिवळी पानं चारी बाजूंना होती. एक दुखणं उन्हाचं, दुसरं लोहाचं.

चौथी पायरी: पानाची मागची बाजू

उन्हाळ्यात लाल कोळी ही बारीक कीड फार वाढते. ती पानाच्या मागून रस शोषते आणि पुढून पान बारीक ठिपक्यांनी भुरकट पिवळं दिसतं. लोक याला खताची कमतरता समजतात. फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदी टिचकीने झटका. कागदावर पडलेले बारीक कण चालायला लागले, तर उत्तर मिळालं. सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, चार-पाच दिवस रोज, आणि गरज पडली तर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल. तेल फवारून झाड उन्हात ठेवू नका, पानं भाजतात.

पाचवी पायरी: कुंडीचा काठ आणि पाण्याचा उगम

आता त्या करपलेल्या कडांकडे येऊ. काकूंच्या कुंडीच्या काठावर आतून पांढरी पापडी बसली होती. नखाने खरवडली तर मिठासारखी सुटली. मी विचारलं, पाणी कुठलं घालता? "कूलरचं. रोज बादलीभर निघतं, फेकून कसं द्यायचं?"

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. कूलर पाणी उडवतो, क्षार उडवत नाही. दिवसभर बोअरचं पाणी त्यात भरत राहता, पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार टाकीत साठत जातात. पॅडवर जो पांढरा थर बसतो, तोच तुम्ही झाडाच्या मुळाशी ओतता. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणीही तसंच, मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं. दोन्ही फरशी पुसायला वापरा. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते लिंबासाठी चांगलं. नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरं. निदान आठवड्यातून दोनदा तरी कुंड्यांना नळाचं पाणी मिळू द्या.

क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणंच जड जातं. माती ओली असून झाड तहानलेलं राहतं, आणि पानाची टोकं व कडा जळतात. रासायनिक खत हाही क्षारच. म्हणून उन्हाने दमलेल्या झाडाला खताचा डोस दिला की कडा आणखी जळतात, आणि आपण त्याला पालाशची कमतरता समजून पुन्हा खत घालतो. हे मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून भर मे महिन्यात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) आणलं. विकणाऱ्याने लिटरला पाच ग्रॅम सांगितलं, मी तसंच कोरड्या मातीत ओतलं, आणि संत्र्याचं रोप आठ दिवसांत वाळलं. आता मी लिटरला एक ग्रॅमच्या वर जात नाही, तेही ओल्या मातीत आणि पाऊस पडल्यानंतर.

सहावी पायरी: व्हिनेगरची चाचणी

लोहाची कमतरता दिसली म्हणून मातीत लोह नाही, असं समजू नका. आपल्याकडची काळी माती चुनखडीची असते, तिचा सामू (पीएच) बहुतेक वेळा साडेसातच्या वर. अशा मातीत लोह आणि जस्त असतं, पण ते बांधलेलं असतं, मुळांना उचलता येत नाही. लिंबाला सामू ६ ते ६.५ च्या आसपास आवडतो. चुनखडीच्या जमिनीतल्या बागांत ही पिवळी पानं काटोल-कळमेश्वरचे संत्रा उत्पादकही ओळखतात.

घरी तपासायचं तर कुंडीतली चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या आणि तिच्यावर पांढरं व्हिनेगर ओता. कान जवळ न्या. चुरचुर ऐकू आली, बुडबुडे आले, तर मातीत चुना आहे. काकूंच्या मातीने बशीत अक्षरशः फेस काढला.

अशा मातीत अंड्याची टरफलं, चुलीची राख आणि चुना घालणं ताबडतोब बंद करा. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून लोक प्रेमाने टरफलं वाटून घालतात, पण टरफल म्हणजे शेवटी चुनाच. केळीच्या सालीच्या पाण्याने लोहाचं दुखणं बरं होत नाही.

आता उपाय, आणि ते याच क्रमाने

सगळ्यात आधी ऊन. खताचं नाव पहिले दहा-बारा दिवस काढायचं नाही. कुंडी पूर्वेकडे हलवा, जिथे अकरापर्यंत ऊन आणि नंतर सावली मिळेल. हलवणं शक्य नसेल तर ५० टक्क्यांची ग्रीन नेट बांधा, पण झाडाच्या डोक्यावर किमान तीन-चार फूट उंच, म्हणजे खालून हवा खेळेल. पश्चिमेची बाजूही झाका. आपल्याकडे चार वाजताचं ऊन आणि लू तिकडूनच मारतात. कुंडी दोन विटांवर उचला. काळ्या प्लास्टिकभोवती बारदाना गुंडाळा आणि सकाळ-संध्याकाळ तो ओला करा. मातीची कुंडी असेल तर ती माठासारखी स्वतःच थंड राहते, मात्र तिला पाणी जास्त लागतं. प्लास्टिकच्या कुंडीला बाहेरून पांढरा रंग द्यायचा तर ऑइल पेंट द्या, चुना नको. तो पाण्याबरोबर मातीत उतरतो.

मातीवर दोन इंच आच्छादन करा. वाळलेला पालापाचोळा, गव्हाचं किंवा तुरीचं कुटार, भंडारा-गोंदियाकडून येणारा भाताचा तूस, काहीही चालेल. खोडाला मात्र चिकटू देऊ नका, चार बोटं जागा सोडा.

पाणी सकाळी सातच्या आत, आणि गरज असेल तर सूर्य मावळल्यावर. दुपारी पाइप सुरू केला तर पहिली दोन मिनिटं हात पोळेल असं पाणी येतं. ते थेट मुळाशी जाऊ देऊ नका. झाडांसाठी आदल्या रात्री बादल्या भरून सावलीत ठेवलेल्या बऱ्या.

दुसरं, क्षार धुणं. पापडी दिसत असेल तर वरची अर्धा इंच माती काढून टाका. मग संध्याकाळी, नळाचं पाणी, हळूहळू, कुंडीत जितकी माती आहे निदान तितकं. अठरा इंची कुंडीला तीन बादल्या तरी लागतात. पाणी खालून मोकळं निघून गेलं पाहिजे, तबकात साचता कामा नये. पाणीटंचाईच्या दिवसांत जिवावर येतं, पण महिन्यातून एकदा एवढं केलं तर करपणं थांबतं.

तिसरं, आणि झाड सकाळी ताठ दिसायला लागल्यावरच, अन्नद्रव्य. लोहासाठी पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं चिलेटेड लोह मागा, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात गुंफलेलं लोह. ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक. ईडीडीएचएची दोन-तीन ग्रॅम पावडर बादलीभर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत द्यायची, संध्याकाळी. पाणी गडद लाल होतं, घाबरू नका. फरशीवर सांडू मात्र देऊ नका. जस्तासाठी चिलेटेड जस्त लिटरला अर्धा ग्रॅम, फवारणी. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट लिटरला पाच ग्रॅम, तीही फवारणी. सगळं एकदम एकाच पंपात घालू नका, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. फवारणी ऊन उतरल्यावरच.

करपलेली पानं उन्हाळ्यात कापू नका. ती कामाची नसली तरी खालच्या फांदीला सावली देतात. छाटणी आणि कुंडी बदलणं पावसाळ्यावर ठेवा. जुलैत बदलाल तेव्हा निव्वळ काळी माती घेऊ नका. एक भाग पोयटा (गाळाची) माती, एक भाग जाड रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, असं मिश्रण माझ्या गच्चीवर लिंबाला मानवलं आहे. कोकोपीट धुवायला विसरू नका, त्यातही मूळचं मीठ असतं. कन्हानची रेती मिळाली तर चाळून बारीक भाग काढून टाका.

एक शंका नेहमी येते: संत्र्याच्या बागांना मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून ताण देतात, मग कुंडीतल्या लिंबाला दिला तर? बागेतल्या झाडाची मुळं खोल जमिनीत ओलावा शोधतात, आणि तिथेही ताण किती दिवस द्यायचा हे जमीन बघून ठरवतात. कुंडीतल्या झाडाला शोधायला जागाच नाही. गच्चीवर मे महिन्यात ताण देऊ नका.

एवढं करूनही नवी पानं तशीच येत राहिली, तर एक फांदी आणि पावभर माती पिशवीत घेऊन महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन विचारा. फोटोपेक्षा हातातलं पान जास्त सांगतं.

गुण आला का, हे कसं ओळखायचं? जळलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, तिच्याकडे बघत बसू नका. काकूंच्या झाडाच्या तीन शेंड्यांना मी त्याच दिवशी, शेवटच्या पानाच्या खाली, लाल दोरा सैल बांधला. दोऱ्याच्या वर जे येईल तेवढंच मोजायचं, असं ठरलं. काकूंनी कूलरचं पाणी बंद केलं, नेट बांधली, तीन बादल्यांनी कुंडी धुतली आणि बाराव्या दिवशी लोह दिलं. जूनच्या पहिल्या दोन सरी पडून गेल्यावर त्यांनी मला पुन्हा वर बोलावलं. दोऱ्याच्या वर चार नवी पानं होती. तीन हिरवीगार होती. चौथं अजून हिरव्या शिरांच्या मधे पिवळं होतं, म्हणून तेवढ्यासाठी लोहाचा दुसरा डोस आम्ही तीन आठवड्यांनी दिला.